मामा, ऊन मस्त पडलंय!

"मामा, गाडी तयार झालीये. कॅमेरा घेऊन ये. ऊन पण मस्त पडलंय!"

मे महिन्यात, सकाळी साडेदहा वाजता, पुण्यात 'ऊन मस्त पडलंय' असं आनंदानं म्हणणारी दोनच माणसं मला माहीत आहेत. एक आमची आई, तीही गच्चीत कुरडया घातलेल्या असतील तरच. आणि दुसरा हा माझा भाचा. धायरीत मुख्य रस्त्यापासून जरा आत त्याचा गाळा आहे. तिथे तो लोकांच्या गाड्या पुसतो, असं मी एकदा एका लग्नात कुणाला तरी सांगून बसलो. तेव्हापासून भेटला की तो मला पहिली पाच मिनिटं ऐकवतो, की गाडी धुणं वेगळं, पुसणं वेगळं आणि डिटेलिंग वेगळं. मी मान डोलावतो. तरी पुढच्या लग्नात माझ्या तोंडून 'पुसतो'च जातं.

मी रोलच्या जमान्यातला फोटोग्राफर. म्हणजे हौशीच, पोटापाण्याला बँक होती. छत्तीस फोटोंचा एक रोल गणपती ते दिवाळी पुरवायचा, अशी घरची शिस्त. रोलबरोबरच्या कागदावर सूर्याची आणि ढगांची छोटी छोटी चित्रं असत. त्याशिवाय एक नियम आम्हाला पाढ्यासारखा पाठ असे. लख्ख ऊन असेल तर भिंग एफ-१६ वर ठेवायचं आणि शटरचा वेग रोलच्या आकड्याइतका. शंभरचा रोल असेल तर १/१०० नाही तर त्याच्या जवळचा १/१२५. प्रकाश मोजायचं यंत्र नसलं तरी या नियमानं फोटो येतोच. मात्र लख्ख उन्हात फोटो कसा काढावा एवढंच तो नियम सांगतो. मुळात काढावा का, याबद्दल तो गप्प आहे. ती अक्कल पुढे रोल वाया घालवून येते.

म्हणून मी भाच्याला म्हटलं, "अरे, मी संध्याकाळी सहाला येतो. ऊन उतरू दे."

"सहाला कसलं मामा? शेठ दोन वाजता न्यायला येणार आहेत. आणि संध्याकाळचं ऊन मला चालत नाही."

संध्याकाळचं ऊन चालत नाही! जगभरातले फोटोवाले ज्या तासाला सोन्याचा तास म्हणतात, तो आमच्या चिरंजीवांना चालत नाही. पोराला फोटोतलं काही कळत नाही, अशी मनात नोंद केली आणि निघालो. डोक्यावर पांढरी टोपी, गळ्यात कॅमेरा, पाण्याची बाटली. निघता निघता आईनं खिशात कांदा घातला. वय वर्षं बासष्ट, पण उन्हात निघालेल्या मुलाच्या खिशात कांदा घालायचा तिचा हक्क अबाधित आहे.

गाळ्यात काळी सेडान उभी होती. तीन दिवस ती तिथेच होती. पहिल्या दिवशी मी सहज डोकावलो होतो, तेव्हा चाकांच्या मागे आणि दारांच्या खालच्या बाजूला डांबराचे बारीक ठिपके उडालेले होते. नव्या रस्त्यावरून गाडी नेली की हे व्हायचंच. तिथला एक पोरगा त्यांच्यावर कसलासा फवारा मारत होता. मिनिटभरानं प्रत्येक ठिपक्यातून तपकिरी ओघळ उतरायला लागला, जणू दार तपकीर ओढून शिंकलंय. भाचा वैतागून म्हणाला, "उन्हात बसून बसून हे डांबर पार दगड होतं, मामा."

त्याला मी तिथल्या तिथे एक गोष्ट सांगितली, ती त्यानं ऐकली नाही, म्हणून इथे सांगतो. १८२६-२७च्या सुमारास फ्रान्समध्ये जोसेफ निसेफोर निएप्स नावाच्या गृहस्थांनी कथलाच्या मिश्रधातूच्या एका पत्र्याला डांबराचा पातळ थर दिला, तो पत्रा कॅमेऱ्यात घातला आणि आपल्या घराच्या खिडकीतून बाहेर रोखून ठेवला. जिथे ऊन लागलं तिथलं डांबर घट्ट झालं, जिथे लागलं नाही तिथलं तेलात धुऊन निघालं. कॅमेऱ्यात काढलेला, आज टिकून असलेला जगातला सर्वांत जुना फोटो तो हाच. त्याला निदान आठ तास लागले असं म्हणतात. काहींच्या मते काही दिवस लागले. त्यामुळे त्यातल्या इमारतींना दोन्ही बाजूंनी ऊन लागलेलं दिसतं. तेवढ्या वेळात सूर्य या बाजूचा त्या बाजूला गेलेला. तेव्हा उन्हानं डांबर दगड होतं ही भाच्याची तक्रार आहे, आणि सगळी फोटोग्राफी त्याच तक्रारीतून जन्मली आहे. दोघंही एकाच पदार्थाचे ऋणी. फरक इतकाच की निएप्स यांना ते पत्र्यावर टिकायला हवं होतं आणि आमच्या भाच्याला निघायला.

डांबर निघाल्यावर त्यानं माझा हात एका पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायला लावला. "आता बॉनेटवरून फिरव." फिरवला. नुसत्या हाताला गुळगुळीत लागणारं बॉनेट पिशवीतून चक्क पॉलिश पेपरसारखं खरखरलं. धूळ, ब्रेकचा लोखंडी चुरा, झाडाचा चीक, काय काय त्या रंगात रुतून बसलेलं असतं. मग त्यानं क्ले बार काढला. हा कणकेच्या गोळ्यासारखा मऊ पदार्थ. बॉनेटवर पाण्यासारखं काहीतरी फवारून तो हलक्या हातानं फिरवायचा. सुरुवातीला सर्र सर्र आवाज येतो, मग तो हळूहळू विरतो. आवाज थांबला की समजायचं, तेवढा भाग झाला. मग गोळा दुमडायचा, मळायचा आणि पुढच्या वीतभर जागेवर. हे बघत मी अर्धा तास उभा होतो. पोळ्या लाटताना आई जशी पिठाकडे न बघता लाटते, तसा तो बॉनेटकडे न बघता, कान देऊन काम करत होता.

त्यानंतर मशीन. गाडीच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो. सगळी चमक त्या थराची, खालचा रंग बिचारा नुसताच रंग. हा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा. आपल्या डोक्यावरचा केस सुद्धा बहुधा याहून जाड असतो (ज्यांचे शिल्लक आहेत त्यांचा). ओरखडा घालवायचा म्हणजे ओरखडा भरायचा नसतो, त्याच्या आजूबाजूचा थर त्याच्या तळापर्यंत घासून खाली आणायचा असतो. म्हणजे प्रत्येक वेळी गाडी उजळते आणि प्रत्येक वेळी ती थोडी कमी होते. सहाणेवर चंदन उगाळतात तसं. म्हणून भाचा आधी जाडी मोजायचं यंत्र जागोजागी टेकवतो, आकडे वहीत लिहितो आणि एखाद्या ठिकाणी आकडा कमी आला तर मालकाला स्पष्ट सांगतो, "शेठ, इथं हात लावत नाही." चालत्या गिऱ्हाइकाला नाही म्हणणारा दुकानदार आमच्या घराण्यात हा पहिलाच.

तर आता तिसऱ्या दिवशी ती गाडी गाळ्यात उभी होती आणि छताला षटकोनी एलईडी दिव्यांची मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षी होती. ते सगळं पोळं बॉनेटवर उतरलेलं. काळा रंग इतका खोल की वाकून बघताना तोल जाईल असं वाटावं. मी कॅमेरा काढला. "इथंच काढू. काय सुरेख दिसतेय!"

"इथं नाही. उन्हात."

"अरे, पण..."

"उन्हातच पाहिजे, मामा." असं म्हणून त्यानं शटर वर ढकललं आणि गाडी समोरच्या मोकळ्या प्लॉटवर काढली.

पुण्यात मे महिन्याच्या मध्यावर सूर्य माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो आणि क्षणभर माणसाची सावली पायाखाली गडप होते. त्या दिवसांत घड्याळात तेव्हा साधारण साडेबारा वाजलेले असतात. आम्ही प्लॉटवर पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. एवढा उभा उजेड गाडीच्या टपावर आणि बॉनेटवर मुसळधार कोसळतो, पण दारांना त्यातला थेंबही मिळत नाही. चाकं तर काळोखात. कॅमेऱ्यातून बघितलं तर वर एक पांढराशुभ्र पट्टा, खाली एक काळा डाग आणि दोन्हींच्या मध्ये गाडी असावी असा अंदाज. डोळे मोठे चतुर असतात. टपाकडे बघताना बाहुली बारीक करतात, चाकाकडे बघताना मोठी करतात, आणि आपल्याला सगळं दिसतंय असा दिलासा देत राहतात. कॅमेऱ्याला एका क्षणात एकदाच डोळा उघडायचा असतो. त्यातून त्याच्या आतलं मोजमाप असं, की जग सरासरीनं मध्यम राखाडी आहे. काळी गाडी दाखवली तर तो ती उजळ करून राखाडी करतो, पांढरी दाखवली तर मळवून राखाडी करतो. ऑडिट खात्यात असलेल्या माझ्या एका साहेबांची आठवण झाली. त्यांच्या शेऱ्यातून शेवटी सगळ्या शाखा सारख्याच निघायच्या.

आपल्याकडे रस्त्यावर पांढऱ्या गाड्या सगळ्यात जास्त. डिटेलिंगवाल्यांच्या दृष्टीनं त्या गरीब स्वभावाच्या. ओरखडे पोटात घालतात. पण फोटोवाल्याच्या दृष्टीनं त्या अगदी निरुपयोगी. आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवले तर मालक विचारतो, "यातला नंतरचा कुठला?" काळी गाडी उलट. ती काहीच पोटात घालत नाही, जे दिसेल ते तोंडावर फेकते.

पहिला फोटो काढला आणि पडद्यावर बघायला गेलो, तर उन्हात पडद्यावर फक्त माझंच तोंड दिसत होतं. टोपी काढून तिच्या आडोशानं बघितलं. दारात एक पांढरं भूत उभं होतं. डोक्यावर पांढरी टोपी, अंगात पांढरा झब्बा, पोटावर काळं भोक. ते मी होतो. गाडीचे फोटो काढणाऱ्यानं गडद, साधे कपडे घालावेत ही अक्कल मला त्या क्षणी सुचली. मी डावीकडे सरकलो. भूत गेलं, पण त्याच्या जागी शेजारची रसवंती आली. लाकडी बाकडी, उसाची चिपाडं, उलट्या अक्षरांची पाटी आणि मान वर करून ग्लास तोंडाला लावलेला एक इसम. आणखी सरकलो, तर समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर वाळत घातलेली फुलाफुलांची चादर मागच्या दारावर पसरली. दारांच्या वळणामुळे ती चादर मधोमध ताणली गेली होती आणि कडेला चिंचोळी झाली होती, त्यामुळे गाडी कुणीतरी दुलईत गुंडाळल्यासारखी दिसत होती.

तीन दिवस घासून, पुसून, उजळून त्या पोरांनी जे केलं होतं त्याचा अर्थ मला तेव्हा कळला. त्यांनी गाडीचा आरसा केला होता. आणि आरशाचा फोटो काढायचा म्हणजे आजूबाजूच्या धायरीचाच फोटो निघणार. गाडी जेवढी चकचकीत तेवढी ती फोटोत कमी. गेल्या आठवड्यात धुळीनं माखलेली हीच गाडी मी सहज मोबाईलवर टिपली होती. तिचा प्रत्येक बाक, प्रत्येक कड त्यात स्वच्छ दिसते. मळकी होती म्हणून.

मी पिशवीतून पोलरायझर काढला. भिंगावर चढवायची ही काळसर काच, गॉगलच म्हणा ना. ही गोल फिरवली की काचेवरची, पाण्यावरची, रंगावरची झळाळी गाळून टाकते. धातूच्या उघड्या चकाकीवर मात्र तिचा इलाज चालत नाही. कोन जमावा लागतो. काचेत सरळ आपलं तोंड बघत असाल तर उपयोग नाही, पंचावन्न एक अंश तिरकं उभं राहावं लागतं. मी तिरका उभा राहिलो, काच फिरवली आणि पुढच्या काचेवरचं पांढरं आभाळ अलगद विरलं. आत डॅशबोर्डवरचा गणपती दिसायला लागला. फार छान वाटलं. मग मागच्या काचेकडे वळलो तर तिच्यावर ओळीनं बुंदी पाडल्यासारखे निळसर ठिपके उमटले. मजबूत काच बनवताना ती तापवून थंड हवेच्या झोतांनी झपाट्यानं निववतात. त्या झोतांचा ताण काचेत कायमचा राहतो. एरवी तो दिसत नाही. पोलरायझरला तेवढाच बरा दिसतो.

भाच्याला मोठ्या अभिमानानं दाखवलं. "बघ, दारातली रसवंती गेली. तुझी गाडी दिसायला लागली."

त्यानं टोपीत डोकं घालून बराच वेळ बघितलं. "मामा, चमक पण गेली ना."

गेली होती. दार स्लेटच्या पाटीसारखं दिसत होतं. शेठनं चांगली घसघशीत रक्कम मोजली होती ती ज्या गोष्टीसाठी, तीच नेमकी मी गाळून टाकली होती. रसवंती आणि चमक या दोन वेगळ्या वस्तू नव्हेत, हे त्या काचेनं मला स्वच्छ दाखवलं. काच काढून पिशवीत ठेवली.

मग आम्ही चादर आणली. त्याच्याकडच्या पोरांपैकी दोघांनी पांढरी चादर दाराच्या बाजूनं धरायची, म्हणजे तिच्यावरून उजेड परतून चाकांवर पडेल, असा बेत. तो उजेड पडला खरा. पण आता दारात चादर आणि चादरीच्या दोन टोकांना दोन माणसांचे पाय. अंतरपाटासारखं ते दृश्य बघून रसवंतीतल्या इसमानं ग्लास खाली ठेवला आणि विचारलं, "लगीन कुणाचंय?"

घामानं चष्मा घसरत होता. मी जाऊन माझ्या गाडीच्या सावलीत बसायचा विचार केला, पण तिला सावलीच नव्हती. तेव्हा प्लॉटच्या कडेच्या करंजाखाली जाऊन बसलो आणि रस मागवला. (बर्फ कमी. आईला कळू नये म्हणून कांदा खिशातच ठेवला.)

तिथे बसल्या बसल्या वाटलं, आपल्या भाषेनं हे सगळं आधीच सांगून ठेवलंय. फोटोला आपण छायाचित्र म्हणतो. कुणीतरी प्रकाशचित्र असाही शब्द चालवून बघितला, तो छापण्यात दिसतो, तोंडात बसला नाही. छाया म्हणजे सावली. सावलीत बसून काढायचं ते छायाचित्र, इतकं ते सोपं आहे. आणि आपण मात्र पिढ्यान् पिढ्या माणसांना उन्हात उभं करत आलो. आमच्या घरात ७०च्या दशकातला एक फोटो आहे. दसऱ्याचा दिवस, वाड्याचं अंगण, अण्णांची चेतक स्कूटर. आकुर्डीत तयार होणारी स्कूटर आमच्या पेठेत पोचायला काही वर्षं लागली होती. नंबर लावून लोक थांबत. सकाळी अण्णांनी स्वतः ती धुतली, फडक्यानं रंग घासला, हँडलला झेंडूचा हार घातला, हळदीकुंकू वाहिलं आणि फोटोसाठी सगळ्यांना अंगणात बोलावलं. वेळ दुपारची, कारण पुरणपोळीच्या आधी कुणी मोकळं नव्हतं. 'सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी हवा' हा तेव्हाचा दुसरा नियम. त्यामुळे सूर्य सगळ्यांच्या डोळ्यांत. आईचे डोळे मिटलेले, माझे अर्धे, आत्याचा हात कपाळावर, अण्णांच्या टोपीची सावली त्यांच्या नाकापर्यंत, खाली फक्त मिशी. एकटी स्कूटर तेवढी ताठ, डोळा न मिचकावता उभी. त्या फोटोत कोण कोण आहे हे सांगायला लागतं. स्कूटर कुठली हे कुणी विचारत नाही.

महाराष्ट्रातल्या किती घरांत असा फोटो असेल! कधी ट्रॅक्टर असेल, कधी टेम्पो, कधी फियाट. हार तोच आणि कपाळाच्या आठ्याही त्याच. जाता जाता सांगतो, बॉनेटवरचं ओलं हळदीकुंकू उन्हात वाळू देऊ नका. डाग धरतो. दसऱ्यानंतरचा आठवडाभर भाच्याकडे त्याच कामाची रांग असते आणि त्याबद्दल तो अवाक्षर बोलत नाही, कारण ओवाळणाऱ्या बहुधा मालकाच्या मातोश्री असतात.

रस संपला. उठताना माझी नजर माझ्याच गाडीवर गेली. गडद निळी, आठ वर्षांची. सोसायटीच्या तळघरात उभी असते आणि रोज पहाटे पुसली जाते. पुसायला येणारा एकाच बादलीत आणि एकाच फडक्यात वीस गाड्या उरकतो. मला त्याचं कौतुक होतं, कारण गाडी कायम स्वच्छ. आज ती पहिल्यांदाच मी भर दुपारी, वाकून, कुठल्याही घाईशिवाय बघत होतो. बॉनेटवर सूर्याचा एक ठिपका होता आणि त्याभोवती कोळ्याचं जाळं. बारीक, चंदेरी, गोल गोल, शेकडो धागे, सगळे त्या ठिपक्याला वेढून बसलेले. मी बाजूला सरकलो. ठिपका सरकला, आणि जाळंही त्याच्याबरोबर सरकलं. पुन्हा सरकलो, पुन्हा तेच. मला वाटलं जाळं एका जागी आहे. ते सगळीकडे होतं.

"स्वर्ल," भाचा मागून म्हणाला. "फडक्यात अडकलेल्या धुळीचे ओरखडे. ते गोल नसतातच, मामा. आडवे तिडवे कसेही असतात. उजेडाला आडवे येणारे तेवढेच चमकतात, म्हणून गोल वाटतात."

"पण मला इतकी वर्षं दिसले कसे नाहीत?"

"तू सावलीत बघत होतास."

तो हे टोमण्यानं म्हणाला नाही. त्याला टोमणे येत नाहीत, तो गुण त्यानं माझ्या बहिणीकडून घेतलेला नाही. गुडघ्यावर बसून तो एका पोराला काहीतरी दाखवत होता. सहज सांगावं तसं त्यानं सांगितलं, की ट्यूबखाली सगळ्याच गाड्या चांगल्या दिसतात. काही जण ओरखडे न काढता त्यांच्यात तेलकट काहीतरी भरतात. गाळ्यातून निघताना गाडी आरशासारखी असते आणि दोन-चार धुण्यांत जाळं पुन्हा वर येतं. मशीन चुकीचं फिरलं तर उन्हात बॉनेटवर वेगळेच पट्टे दिसतात, एलईडीखाली तेही दिसत नाहीत. संध्याकाळच्या तांबूस उजेडात तर काहीच दिसत नाही. "म्हणून ऊन पाहिजे. बाराचं."

म्हणजे सकाळपासून मी तिचा लग्नातला फोटो काढत होतो आणि त्याला पंचनाम्याचा फोटो हवा होता. त्याला गाडी देखणी दिसायला नको होती. त्याला ती उघडी पडायला हवी होती, आणि उघडी पडूनही काही सापडू नये एवढीच त्याची मागणी होती. हे त्यानं सकाळी फोनवरच सांगायला हवं होतं. पण मी 'पुसतो' म्हणणारा मामा, मला काय सांगणार?

मी काळ्या गाडीकडे गेलो. टोपी आणि चष्मा सावरून बॉनेटवर वाकलो. बॉनेटच्या तव्यातून येणारी धग हनुवटीला लागत होती. काळ्या पाण्यात एकच सूर्य होता. बारीक, पांढरा, टाचणीच्या टोकाएवढा. त्याच्या भोवती काही नव्हतं. मी सरकलो, तो सरकला, एकटाच. दोन मिनिटं मी नुसता सरकत राहिलो, लहान मूल खिडकीतून चंद्राबरोबर धावतं तसा. मग भिंग एफ-१६ वर घेतलं. पन्नास वर्षांपूर्वीचा तोच आकडा. त्यावर उजेडाच्या ठिपक्याला चांदणीसारखी टोकं फुटतात. श्वास रोखला आणि बटण दाबलं. एकच फोटो. रोलच्या सवयीनं.

घरी येऊन संगणकावर मोठा करून बघितला. उजव्या कोपऱ्यात एक ओरखडा होता, जेमतेम नखाएवढा. मला तो दोन सेकंदांत पुसता आला असता, हल्लीच्या सॉफ्टवेअरला तेवढं सांगायचाच अवकाश. मी भाच्याला फोन केला. म्हटलं, "कोपऱ्यात एक राहिलाय. काढून टाकू का?"

"कुठला? वायपरजवळचा? राहू दे. तिथं थर पातळ होता, मीच सोडलाय. वहीत लिहिलंय."

"अरे, पण फोटोत कुणाला कळणार आहे?"

"तू तिथे काढलास तर मग मी तीन दिवस काय केलं, मामा?"

काढला नाही.

शेठ दोनच्या ठोक्याला आले होते, हे सांगायचं राहिलं. त्यांनी माझ्या कॅमेऱ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मोबाईल भाच्याच्या हातात दिला, गाडीशेजारी उभे राहिले, नुकत्याच उजळलेल्या बॉनेटवर तळहात दाबून ठेवला आणि सूर्याकडे तोंड करून, डोळे बारीक करून हसले. भाच्यानं फोटो काढला, मोबाईल परत दिला आणि शेठ गाडीत बसायला वळल्यावर खिशातला मायक्रोफायबर काढून पंजाचा ठसा हळूच टिपून घेतला.

माझा फोटो आता गाळ्यात लावलाय, चांगला दोन फूट रुंद. काळीभोर पाटी, तिच्यावर एक चांदणी आणि खालच्या कडेला, नीट बघितलं तर, एक पांढरी टोपी. येणारं गिऱ्हाईक थांबून बघतं. कुणी म्हणतं शुक्राचा तारा, कुणी म्हणतं वेल्डिंगची ठिणगी. एका आजोबांनी हात जोडले. फोटो गाडीचा आहे हे अजून एकालाही ओळखता आलेलं नाही.